शंभर साखळ्यांचा किनारा

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. शंभर लोखंडी कड्या आणि दोन टोकांना दोन पितळी मुठी, एवढीच माझी काया. आता मला गंज चढला आहे. तरी एका किनाऱ्याची हद्द माझ्यामुळे ठरली, हे मी ताठ मानेने सांगते.

एका लोहाराने मला घडवले. एकेक कडी जोडून तो मला पुन्हा पुन्हा ताणून बघायचा. पुढे मी एका मोजणीदाराच्या हाती आले. माणूस भारी काटेकोर. शेते, ओढे, टेकड्या, आम्ही दोघांनी सगळे पालथे घातले. "तुमच्या साखळीवर आमचा डोळे झाकून विश्वास," असे लोक म्हणत, तेव्हा लोखंडाची असूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

माझे शेवटचे मोठे काम म्हणजे दीपगृहापासून उत्तरेकडे पसरलेला किनारा. मला शंभर वेळा पसरून मोजला, तेव्हा तो शंभर साखळ्या भरला. शेवटी एका कातळापलीकडे हद्दीचा दगड पुरला. समुद्रात गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांची नावे त्या कातळावर कोरलेली होती. खालच्या उतारावर समुद्रपक्ष्यांची बिळे होती. कातळाला लागूनच वाळूच्या पुळणीवर उतरायची एकुलती एक वाट होती.

त्यानंतर कार्यालयात मोजायची पोलादी फीत आली. तिच्याशेजारी मला पसरले, तर मी चार बोटे लांब निघाले. वर्षानुवर्षे खडकांवरून ओढली जाऊन माझ्या कड्या ताणल्या होत्या. सगळे हसले. साहेब म्हणाले, "भंगारात द्या हिला." मोजणीदारांनी मात्र मला घरी नेले. तिथे माळ्यावरच्या पेटीत मी पडून राहिले. किती वर्षे, ते काही मला मोजता आले नाही.

एके दिवशी पेटी उघडली. समोर मोजणीदारांची लेक होती. तीही वडिलांसारखी मोजणीदार झाली होती. तिच्यासोबत काठी टेकत आलेल्या आजी त्या किनाऱ्याच्या मालकीणबाई होत्या.

आजींना आपला किनारा कायमचा लोकांसाठी राखायचा होता आणि सरकार तो घ्यायला तयारही होते. पण शेजारची जमीन घेतलेल्या हॉटेल कंपनीने यंत्राने मोजणी केली आणि कातळाच्या अलीकडे तारेचे कुंपण ठोकले. जुन्या कागदातल्या शंभर साखळ्या इथेच संपतात, असे तिचे म्हणणे. हद्दीचा दगड तर कधीच वाळूखाली गडप झाला होता. सरकारी अधिकारी म्हणाले होते, "उतरायला वाटच नसेल, तर लोकांना किनारा काय कामाचा? हद्द दाखवा, नाहीतर प्रस्ताव परत जाईल."

"अगं, माझ्या बाबांचं नाव आहे त्या कातळावर," आजी म्हणाल्या. "त्यांचं दुसरं काहीच उरलेलं नाही माझ्यापाशी."

लेकीने मला पेटीतून उचलले. "आजी, ही चार बोटं जास्त आहे, माझे बाबा नेहमी सांगायचे. शंभर वेळा चार बोटं म्हणजे पंचवीस फूट होतात, कंपनीने हद्द तेवढीच अलीकडे धरली. चला, हिनेच मोजू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दीपगृहापाशी जमले. कंपनीचा इंजिनिअर मला पाहून म्हणाला, "ही तर चुकीची आहे."

"चुकीची आहे म्हणूनच आणली," लेक शांतपणे म्हणाली. "त्या दिवशी हिनेच मोजलं होतं."

मोजणी सुरू झाली. वाळू, खडक, काटेरी झुडपे. एकोणनव्वदाव्या वेळी माझी एक कडी करकरली. पण मी तग धरला. शंभराव्या वेळी मी कुंपणाच्या तारेखालून सरकले, कातळ ओलांडला आणि माझी मूठ एका झुडपाशी टेकली.

तिथे कुदळ चालवली. हातभर वाळू निघाली आणि खणकन आवाज आला. अधिकारी गुडघ्यांवर बसले, हाताने माती पुसली. दगडावर मोजणीदारांनी कोरलेली खूण जशीच्या तशी होती.

इंजिनिअरने वाकून ती खूण जुन्या कागदाशी ताडून पाहिली. मग म्हणाला, "दगड तोच आहे. कुंपण आमचंच चुकलं." त्याने स्वतः पक्कड आणवली आणि पहिली तार कापली.

आजी कातळापाशी गेल्या आणि एका नावावर तळहात ठेवून उभ्या राहिल्या. लेकीने मला गुंडाळून छातीशी धरले. इतक्या वर्षांची माझी नाचक्की त्या क्षणी धुऊन निघाली.

महिन्याभरात सरकारची मोहोर उमटली आणि किनारा सर्वांचा झाला. पहिल्या दिवशी त्या वाटेने माणसांची रांगच रांग उतरली. मी वाटेच्या तोंडाशी असलेल्या रखवालदाराच्या खोलीत खिडकीशी टांगलेली होते. मला सगळे दिसत होते.

मित्रांनो, तिथे याल तेव्हा पायवाट सोडू नका, उतारावरच्या बिळांत पिल्ले असतात. कातळावर आपले नाव कोरू नका, ती जागा परत न आलेल्यांची आहे. एखादी जुनी वस्तू टाकून देण्याआधी तिने काय काम केले, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. पुळणीवर मात्र हवे तितके धावा. ती आता तुमची आहे.