पाटीवर नसलेलं नाव

धाकटीच्या गळ्यात तीन घड्याळं असत. स्वयंपाकघरात अंडी उकडायला लावतात तसली, टिकटिक करून शेवटी किंचाळणारी. एक लाल फितीचं, एक पिवळ्या, एक निळ्या. चिनी पद्धतीने सुया टोचून उपचार करणाऱ्या या बाईच्या तीन खोल्या, म्हणून तीन घड्याळं. खोल्या म्हणायच्या आपल्या. मूळची एकच लांबट खोली आणि मध्ये फळ्यांचे आडोसे. पेशंट आला की दाराजवळच्या पाटीवर खडूने त्याचं नाव लिहायचं, सुया टोचल्या की त्या खोलीचं घड्याळ वीस मिनिटांवर लावायचं, ते वाजलं की सुया मोजून काढायच्या आणि नाव पुसायचं. पाटी कोरी झाली की दिवस संपला. बावीस वर्षांत या रिवाजात कधी खंड पडला नव्हता.

बावीस वर्षं ती लोकांना एकच सांगत आली होती: डोळे मिटा, श्वास येताना बघा, जाताना बघा, बाकीचं जग वीस मिनिटं थांबेल. लोकांचा विश्वास बसे. तिचा स्वतःचा बसत नसे, कारण तसली वीस मिनिटं तिच्या वाट्याला कधी आलीच नव्हती. हल्ली तर ती इतकी थकलेली असे, की पेशंटला "दीर्घ श्वास घ्या" म्हणताना तिलाच जांभई येई. पेशंटांना वाटे, बाई स्वतः करून दाखवतायत.

घरी बाबा होते. चार वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली आणि मागे एकच शब्द उरला: ताई. पाणी हवं असलं तरी ताई, दिवा नको असला तरी ताई. ती ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. नवऱ्यामागे एकटीला घर खायला उठतं म्हणून महिनाभर माहेरी आली, ती तिथेच अडकली. बाबांना उठवणं, पुसणं, भरवणं, रात्री दोनदा कूस बदलणं, सगळं तिच्याकडे. धाकटीने क्लिनिक बघायचं आणि ताईने बाबांना, ही वाटणी कोणी न बोलताच होऊन गेली होती. न बोलता झालेली वाटणी मोडायची तरी कशी?

ताईची मुलगी दुसऱ्या गावी राहायची. आई, तीन महिने ये, काही करू नकोस, नुसती झोप, असं ती दोन वर्षं सांगत होती. ताईने तीनदा तिकीट काढलं आणि तीनदा रद्द केलं. दर वेळी तेच व्हायचं. जायचा दिवस जवळ आला की ताईचा खांदा धरे, ती क्लिनिकमध्ये येई, धाकटी सुया टोचे, खांदा सुटे, आणि मग धाकटी हळूच म्हणे, "आता बरं वाटतंय ना? मग पुढच्या महिन्यात जा की." आपण बहिणीला बरं करतो ते पुन्हा जुंपण्यासाठी, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने त्याच्याकडे कानाडोळा केला होता.

चौथं तिकीट येत्या रविवारचं होतं. बुधवारी दुपारी शेजारच्या मावशींना साडेपाचपर्यंत बाबांजवळ बसवून ताई आली. धाकटीने तिला तिसऱ्या खोलीत झोपवलं, मनगटावर तीन बोटं टेकवली. नाडी तारेसारखी ताणलेली होती. जीभ दाखव म्हटलं, तर कडेला दातांचे वण. पेशंट असती तर धाकटीने तिला सरळ सांगितलं असतं की बाई, आधी काम थांबवा. इथे तिने काळजी प्लीहेत साठते, राग यकृतात आणि दुःख फुप्फुसांत, हे पुस्तकातलं सांगायला घेतलं.

"आणि बाबा कुठे साठतात?" ताईने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "खांद्यात."

धाकटीने नऊ सुया टोचल्या, पायांवर पांघरूण टाकलं, सवयीने म्हणाली, श्वासाकडे लक्ष दे. निळ्या फितीचं घड्याळ हातात घेतलं तेवढ्यात लाल फितीचं किंचाळलं. पहिल्या खोलीतल्या शिंपीणबाई सुया काढता काढता आपल्या सुनेची सगळी कथा सांगत बसल्या. त्या गेल्यावर आणखी दोघं आली, गेली. सहाला धाकटीने पाटीकडे बघितलं. पाटी कोरी होती. तिने दिवे मालवले, कुलूप लावलं आणि पाय ओढत घराकडे निघाली.

घरी बाबा खुर्चीत एकटेच होते. मावशी ठरल्या वेळी आपल्या घरी गेल्या होत्या. बाबा एका कुशीला कलले होते, कपडे ओले झाले होते. "ताई," ते म्हणाले. धाकटीच्या कपाळावर आठी चढली. रविवारची वाट बघवेना म्हणून बाईसाहेब आजपासूनच फिरायला लागल्या, असं तिच्या मनात आलं, आणि ती पदर खोचून कामाला लागली.

पुढच्या दीड तासात तिच्या नाकी नऊ आले. त्यांना उचलायला गेली तर दोघंही खाली पडता पडता वाचली. सदरा आधी निरोग्या हातातून काढायचा की लुळ्या, हे तिला माहीत नव्हतं. चार वर्षांत कधी बघितलंच नव्हतं. सूप भरवलं तर ते गिळायच्या आधीच दुसरा चमचा पुढे केला, सगळं बाहेर आलं. बाबा तिच्याकडे बघून पुन्हा पुन्हा "ताई" म्हणत होते. शेवटी तिच्या खांद्यात अशी कळ आली की तिने हात मानेकडे नेला, आणि बोटांना फिती लागल्या. निळ्या फितीच्या घड्याळाचा काटा शून्यावर होता. ताईला सुया टोचल्यावर ते लावलंच नव्हतं.

मावशींना पुन्हा हाक मारून ती जशी होती तशी, सुपाच्या डागांसकट, धावत सुटली.

तिसऱ्या खोलीत दिवा लावला तेव्हा ताई डोळे उघडे ठेवून पडली होती. नऊच्या नऊ सुया जागच्या जागी होत्या.

"किती वाजले?" ताईने विचारलं.

"आठ. तू जागी आहेस? कधीपासून?"

"तू कुलूप लावलंस तेव्हापासून."

"मग हाक का नाही मारलीस?"

ताई छताकडे बघत राहिली. "मारली असती तर तू आली असतीस," ती म्हणाली. "मग मला घरी जावं लागलं असतं."

धाकटी स्टुलावर बसली आणि तिला रडू फुटलं. मी तुला विसरले, असं काहीतरी ती बोलली. कुठलाही पेशंट असता तर ती विसरली नसती. बहीण होती म्हणून विसरली. ताई रागावली नाही. तिच्यात रागवायचंही त्राण नव्हतं.

"पाटीवर नाव नव्हतं ना माझं," ती म्हणाली. आणि मग, "बाबांनी खाल्लं?"

"अर्धं. अर्धं माझ्या अंगावर."

ताईने मान वळवून ते डाग बघितले आणि ती हसायला लागली.

"हसू नकोस, सुया हलतायत," धाकटी डोळे पुसत म्हणाली. तिने एकेक सुई काढली, मोजली. नऊ. मग सवयीनेच ताईच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. नाडी सैल झाली होती. आता बरं वाटतंय ना, हे शब्द तिच्या ओठांवर आले. पुढचं वाक्य दोघींनाही पाठ होतं. ताई उठून बसली होती आणि खाली मान घालून त्या वाक्याचीच वाट बघत होती.

"रविवारी गाडी किती वाजता आहे?" धाकटीने विचारलं.

ताईने मान वर केली. "सकाळी सातची."

धाकटी दाराजवळ गेली, खडू घेतला आणि कोऱ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सोमवारपासून तीन महिने क्लिनिक दुपारी दोनपर्यंतच.

ताई चपला शोधत मागून आली. पाटी वाचली, बहिणीच्या हातातला खडू घेतला, तळहाताने दोन पुसून तिथे बारा लिहिलं.

"बाबांना साडेबाराला भूक लागते," ती म्हणाली. "आणि सदरा आधी चांगल्या हातातून काढायचा."