भरवशाचं पिस्तूल

भर दुपारी धाकटी बहीण दुकानात आली, तेव्हा बंदूकवाला एका शिकाऱ्याच्या बंदुकीची नळी पुसत होता. लग्नानंतरच्या सहा वर्षांत ती इकडे कधी फिरकली नव्हती.

"दादा, मला पिस्तूल हवंय. आमच्या औषधाच्या दुकानात हल्ली नको नको ते लोक येतात."

त्याला नवल वाटलं. पण हत्याराचा विषय निघाला की त्याची कळी खुलायची. त्यानं दोन पिस्तुलं कापडावर मांडली. एक जुन्या घडणीचं, सगळं पोलादी. दुसरं नव्या धाटणीचं, प्लॅस्टिकच्या मुठीचं.

"हे जुनं खानदानी काम. जड आहे, म्हणून हातात फार उसळत नाही. पण आधी सुरक्षेचा खटका सोडावा लागतो आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच आठवत नाही. नव्याला ती भानगडच नाही. चाप ओढला की उडालं. महिनोन्‌महिने पडून राहिलं तरी दगा देत नाही. फक्त बोट आवरता आलं पाहिजे."

"झोपेतून दचकून उठल्यावर कुठलं जमेल?"

"औषधाच्या दुकानात झोपतेस की काय?" तो हसला. ती हसली नाही.

"आणि समोरच्याकडे हे नवंच असलं तर?"

गेल्या वर्षी असंच नवं पिस्तूल त्यानं मेहुण्याला, तिच्या नवऱ्याला, स्वतः निवडून दिलं होतं. 'डोळे मिटून घ्या,' म्हणाला होता.

"जेवताना ताटाशेजारी ठेवतात," ती म्हणाली. "बोलत काही नाहीत. मी उलट बोलले की नुसता त्यावर हात ठेवतात."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तूच दिलंस ना ते."

त्यानं दोन्ही पिस्तुलं कपाटात टाकून कुलूप लावलं.

"दुसरं कुणी आलं असतं तर विकलं असतंस!" ती उसळून म्हणाली.

"विकलं असतं," तो पुटपुटला. "तू घरी वहिनीकडे जा. मी येतो."

तो तडक मेहुण्याच्या घरी गेला. "तुमच्या पिस्तुलात खोट निघालीय. हातातून पडलं तरी उडेल. तपासून देतो." आपल्याच मालाला त्यानं जन्मात कधी नावं ठेवली नव्हती, जीभ अडखळली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, दगा देत नाही."

"चुकलं माझं."

मेहुण्यानं आतून पिस्तूल आणलं. ते हातात तोलत तो बंदूकवाल्याला न्याहाळू लागला. बंदूकवाल्याचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी मेहुण्यानं ते टेबलावर ठेवलं. "ही कुठाय?"

"आमच्याकडे. राहील आता."

दुसऱ्याच दिवशी बंदूकवाल्याच्या बायकोनं बहिणीला पोलिसांत नेऊन तक्रार नोंदवली. मेहुण्याचा मात्र दर दोन दिवसांनी दुकानात फोन: "झालं का दुरुस्त?" बंदूकवाला सांगायचा, "पार्ट आला नाही अजून."

तीन आठवड्यांनी फोन थांबले. मग मात्र बंदूकवाल्याची झोप उडाली. गावात दुसरं हत्यारांचं दुकान होतं. त्याच्या मालकाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मानापमान गुंडाळून तो त्याची पायरी चढला.

"मंगळवारी आला होता तुमचा मेहुणा, नवं पिस्तूल घ्यायला," तो मालक खुर्ची पुढे सरकवत म्हणाला. "तक्रारीचं कानावर होतं, म्हणून नाही दिलं. पण सगळेच दुकानदार काही चौकशी करत नाहीत."

बंदूकवाला त्या खुर्चीत टेकला. आपणही कधी कुणा गिऱ्हाइकाची चौकशी केली नव्हती, हे त्यानं त्या माणसाला सांगितलं नाही.