काठावरची मयूरी

ओट्यावरचा पेला घरंगळून फरशीवर वाजला आणि माझी लेक भार्गवी दुपारच्या झोपेतून उठली. ती झोपल्यापासून मी मोबाइलवर मयूरीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते.

लहानपणी पलूसला मयूरी आणि मी शेजारी. मळ्यातल्या विहिरीत कुणाची घागर बुडाली की हाक मला यायची. मी तळापर्यंत बुडी मारून ती वर काढायची आणि मयूरी काठावर माझा टॉवेल धरून बसायची. पाण्याला लय भ्यायची. आता ती पाण्यात यंत्र उतरवून खोल समुद्रात बुडालेली जुनी जहाजं शोधते. आजच्या व्हिडिओत तिच्या यंत्राचा दिवा गाळातल्या तांब्याच्या घागरीवर थांबला होता.

न राहवून मी फोन लावला. "अजून काठावरच बसतीस की गं. बुडी यंत्रच मारतंय."

"व्हय," ती हसली. "तुझ्याएवढा दम असलेली पोरगी मिळाली न्हाई, म्हणून यंत्र घेतलं."

ती मायेनं बोलली, म्हणून जास्तच झोंबलं. "छान," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

भार्गवी मांडीवर येऊन बसली. नुकतंच वाचायला शिकलीय, त्यामुळं घरातल्या सगळ्या भांड्यांवर घातलेली नावं वाचत सुटते. ताटांवर आजोबांचं, डब्यांवर बाबांचं, पेल्यावर तिचं. मोबाइलवरच्या घागरीच्या चित्राखालची अक्षरं तिनं बोटानं लावली.

"म-यू-री. ही घागर मयूरीमावशीची?"

"तिनं शोधली, म्हणून तिचं नाव."

तिनं ओट्यावरच्या भांड्यांकडं पाहिलं.

"आई, मग तुझं नाव कशावर आहे?"