डाव्या खांद्याची रायफल

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. मी शिकारीची नव्हे आणि लढाईचीही नव्हे. काळ्या वर्तुळाचा नेमका मध्य शोधणारी मी नेमबाजीची रायफल आहे. आजवर माझ्या नळीतून सुटलेली प्रत्येक गोळी लक्ष्यामागच्या मातीच्या भिंतीत जाऊन निजली, याचे मला समाधान आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. अक्रोडाच्या लाकडाचा माझा दस्ता एका म्हाताऱ्या कारागिराने कोरला. माझी कामाची रीत साधी आहे. एक बारीक गोळी भरायची, बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता दांडा, पुढे ढकलून खाली वळवायचा आणि चाप ओढायचा. आतली पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर आपटते आणि गोळी सुटते. पुढच्या गोळीसाठी बोल्ट पुन्हा मागे ओढावा लागतो. माझ्या बहुतेक बहिणींचा बोल्ट उजव्या अंगाला असतो. माझा मात्र डाव्या अंगाला आहे, कारण मला डावखुऱ्या माणसासाठी घडवले गेले.

कोल्हापूरच्या एका डावखुऱ्या डॉक्टरांनी मला हौसेने आणले. त्यांच्या डाव्या खांद्याला टेकून मी कित्येक स्पर्धा पाहिल्या. त्यांना पदके मिळत, तेव्हा ते घरी येऊन आधी माझी नळी पुसत आणि मग चहा घेत. पुढे त्यांची नजर मंदावली. जड मनाने त्यांनी मला शस्त्रांच्या दुकानात विकायला ठेवले.

मित्रांनो, ते दिवस कठीण होते. गिऱ्हाईक मला कौतुकाने उचले, त्याचा उजवा हात सवयीने बोल्ट शोधू लागे आणि तो रिकामाच राही. "अहो, ही उलटी आहे!" असे म्हणून तो मला परत ठेवी. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की मलाही तो खरा वाटू लागला. दुकानदाराने माझा भाव उतरवला, पुन्हा उतरवला, आणि शेवटी सर्वांत मागच्या कपाटात मला उभे केले.

एके सकाळी त्या दुकानात तिघे जण आले. ते रत्नागिरीच्या रायफल क्लबचे लोक होते. पुढे होते आप्पा शिंदे. क्लबच्या तिजोरीची आणि शस्त्रांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे, आणि गालात नेहमी सुपारी असे. त्यांच्यामागे प्रशिक्षक प्रेमला मोहिते बाई होत्या. आणि होती रसिका तांबे, अकरावीत शिकणारी, डाव्या हाताने लिहिणारी आणि डाव्या डोळ्याने नेम धरणारी मुलगी.

क्लबला एकच रायफल घेता येणार होती. नवी डावरी रायफल त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. आप्पांनी एक चांगली, स्वस्त, उजव्या अंगाची रायफल आधीच हेरून ठेवली होती.

"हीच घेऊया," आप्पा म्हणाले. "सगळ्यांना चालंल. एका पोरीसाठी अख्ख्या क्लबाने उलटी बंदूक घ्यायची काय?"

"सगळ्यांसाठी क्लबात आहेत की आप्पा," बाई म्हणाल्या. "हिच्यासाठी एकही नाही."

"मग शिकंल उजव्याने! काय गो, जेवतेस कुठल्या हाताने?"

"जेवते उजव्याने, आप्पा," रसिका म्हणाली. "पण घास तोंडात घालायला नेम धरावा लागत नाही."

आप्पा हसले, पण मागे हटले नाहीत. तेव्हा बाईंनी दुकानदाराकडून चटई मागून घेतली. रायफल रिकामी असल्याची त्यांनी स्वतः खात्री केली आणि रसिकाला नेमबाजीच्या पवित्र्यात पालथी झोपायला सांगितले. मग त्यांनी आप्पांपुढे हात पसरला.

"आप्पा, सुपारीची एक फाक द्या."

आप्पांनी चकित होऊन सुपारीची चपटी फाक काढून दिली. बाईंनी ती आप्पांच्या आवडत्या रायफलीच्या नळीवर ठेवली. रसिकाचा उजवा हात पट्ट्यात अडकून नळीखाली आधाराला होता. त्यामुळे बोल्ट ओढायला तिला डावा हात पलीकडे न्यावा लागला. तिचा गाल दस्त्यावरून उचलला गेला, खांदा हलला आणि सुपारी फरशीवर पडली. पुन्हा ठेवली, पुन्हा पडली.

"आता ती मागची द्या," बाई दुकानदाराला म्हणाल्या.

किती तरी काळाने मी उजेडात आले. बाईंनी दिवा धरून माझी नळी आतून तपासली. तिथे गंजाचा ठिपकाही नव्हता. डाव्या गालासाठी कोरलेल्या माझ्या उंचवट्यावर रसिकाने गाल टेकला, आणि मला डॉक्टरांच्या खांद्याची आठवण झाली. तिचा डावा हात सहज बोल्टवर गेला. मागे, पुढे, खाली. सुपारीची फाक किंचित थरथरली आणि नळीवरच राहिली.

आप्पांनी ती फाक उचलली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली. "ठीक हाय," ते म्हणाले. "पण राज्य स्पर्धेत हिने राष्ट्रीय स्पर्धेपुरते गुण काढले पाहिजेत. नाय काढले, तर मी स्वतः ही बंदूक इथे परत आणून ठेवीन. क्लबाचा पैसा हाय तो."

अशी मी क्लबच्या परवान्यावर रत्नागिरीला आले. खारे वारे, दमट हवा, जांभ्या दगडाच्या भिंतींची रेंज. सारेच मला नवे होते. रसिका कॉलेज सुटल्यावर रोज येई. आप्पा आधी लांबून पाहत, मग जवळ येऊन पाहू लागले. पावसाळ्यात लोखंडाला एका रात्रीत गंज चढतो, म्हणून ते मला रोज पुसत. "ही उलटी बरी दिसते हां," असे ते एकदा कोणी ऐकत नाही असे पाहून पुटपुटले.

राज्य स्पर्धा पुण्याजवळच्या रेंजवर होती, ऐन डिसेंबरात. निघण्याच्या आदल्या दिवशी क्लबातले बंदुकीचे तेल संपले होते. आप्पांनी माझा बोल्ट उघडला आणि घरून आणलेले तेल आत भरपूर सोडले. बोल्ट लोण्यासारखा सरकू लागला. मीही सुखावले.

स्पर्धेच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. बोल्ट जड सरकत होता, पण रसिकाला ते बोटांचे बधिरपण वाटले. सरावाच्या गोळ्यांची वेळ सुरू झाली. तिने नेम धरला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

टिक्.

गोळी सुटलीच नाही. नियमाप्रमाणे नळी लक्ष्याकडेच ठेवून ती थांबली आणि मग दुसरी गोळी भरली. पुन्हा तेच. माझी पिन पुढे जाऊ पाहत होती, पण चिखलात पाय रुतावा तशी रुतली होती. त्या क्षणी मला ते मागचे कपाट दिसू लागले.

"गोळ्याच खराब दिल्यान्!" मागून आप्पांचा आवाज आला.

रसिकाने हात वर केला. पंचांनी दुरुस्तीची परवानगी दिली. तिने बोल्ट बाहेर काढला, निरखला आणि नाकाशी नेला. पिनेच्या भोकाशी मेणासारखे पांढरे काहीतरी दाटले होते. बोल्ट घेऊन ती प्रेक्षकांच्या कठड्यापाशी धावली.

"आप्पा, याला काय लावलंत?"

"खोबरेल. गुहागरच्या भावाच्या बागेतलं. एकदम चोख!"

"चोखच आहे, म्हणून तर थिजलं! भेसळीचं असतं तर थिजलं नसतं. सकाळी डोक्याला लावायची बाटलीसुद्धा मी गरम नळाखाली धरली होती."

आप्पांचा चेहरा उतरला. रत्नागिरीत जे तेल एरवी पाण्यासारखे वाहते, ते घाटावरच्या थंडीत दगड होते, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. "मीच गो... मीच तुझी वाट लावली."

"रडायला नंतर वेळ आहे. चहाचा थर्मास कुठंय?" बाई म्हणाल्या.

आप्पांनी स्टीलच्या पेल्यात वाफाळता चहा ओतला. रसिकाने रुमालात गुंडाळलेला बोल्ट त्या पेल्याला घट्ट लावून धरला. हळूहळू तेल पाझरू लागले. बाईंनी बोल्ट सुटा करून पिन आणि स्प्रिंग आप्पांच्या कोऱ्या उपरण्याने पुसून लख्ख केल्या. ते उपरणे आप्पांनी बक्षीस समारंभासाठी आणले होते. रसिका जागेवर परतली, तेव्हा सरावाची वेळ संपत आली होती.

तिने चाप ओढला. या वेळी मी बोलले. समोरच्या पडद्यावर मध्याला खेटून ठिपका उमटला.

मित्रांनो, त्यानंतरच्या वेळेत माझ्या साऱ्या आयुष्याचे सार्थक झाले. मागे, पुढे, खाली. तिचा गाल दस्त्यावरून एकदाही उचलला गेला नाही. शेजारचे नेमबाज घाई करत होते, थांबत होते. रसिका एका लयीत नेम धरत होती. शेवटच्या गोळीला पूर्ण दहा गुण हवे होते. ती क्षणभर थांबली, वारा पडू दिला आणि चाप ओढला. ठिपका वर्तुळाच्या अगदी मध्यावर बसला. राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले होते, आणि राज्याचे रौप्यपदकही आमच्या वाट्याला आले होते.

आप्पा तेलकट उपरणे गळ्यात घालूनच समारंभाला बसले. कोणी तरी विचारले, "आप्पा, हे डाग कसले हो?" आप्पा छाती काढून म्हणाले, "पदकाचे!"

रत्नागिरीच्या स्टँडवर ढोल वाजले. माझी पेटी आप्पांनी कोणाच्या हाती दिली नाही. आता क्लबात ईशा नावाची आणखी एक डावखुरी मुलगी येते. कोणी मला उलटी म्हटले, की आप्पा खिशातून सुपारीची फाक काढून माझ्या नळीवर ठेवतात आणि ईशाला म्हणतात, "दाखव गो ह्यांना."

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. ज्याला जपायचे, त्याला काय हवे हे आधी समजून घ्या. आप्पांचे प्रेम खोटे नव्हते. फक्त ते त्यांच्या गावच्या हवेपुरते होते. आणि जे तुमच्या हाताला बसत नाही, त्याला उलटे म्हणू नका. ते ज्या हातासाठी घडले आहे, तो हात शोधा.

उद्या आम्ही राष्ट्रीय स्पर्धेसाठी दिल्लीला निघतो. तिथे याहून मोठी थंडी आहे म्हणतात. आत्ताच आप्पांनी माझा बोल्ट पुसून उजेडात धरला आणि विचारले, "बघ गो रसिका, कोरडा हाय ना?"

"कोरडा आहे, आप्पा."

पडू दे थंडी. मी तयार आहे.