दानित्साचा इझल आणि नावाड्याचं घर

मी इझल बोलतोय. चित्र काढताना कॅनव्हास ज्याच्या छातीवर उभा करतात, तो तीन पायांचा लाकडी सांगाडा. चित्राला लोक नावं ठेवतात किंवा डोक्यावर घेतात, मला कुणी विचारत नाही. बरंच साठलंय, ते आज बोलून टाकतो.

माझा जन्म तिसा नदीकाठच्या बेचेय गावचा. एका सुताराने खानावळीच्या खुर्च्या करून उरलेल्या अक्रोडाच्या लाकडातून मला केलं. त्यात माझा एक पाय बोटभर आखूड झाला. मला घ्यायला आलेल्या चित्रकार दानित्साने तक्रार केली तर म्हणाला, नदीकाठी जमीन तरी कुठे सपाट असते? तिने मला तसंच उचललं.

दानित्सा तेव्हा शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडून नुसत्या निसर्गचित्रांवर जगायला निघाली होती. मला पाठीला बांधून ती सायकलवरून नदीवर जायची. वारा, चिखल, डासांचे थवे, काय काय सोसलं आम्ही दोघांनी. तिचा एक हट्ट होता. जे समोर आहे ते तिथेच उभं राहून काढायचं, घरी आणून त्यावर एक फटकाराही मारायचा नाही. लोक तिला खुळी म्हणत. मला ती फार आवडायची.

मग वेबसाइट नावाची बया घरात आली. ती दानित्साच्या मुलीने, तियानाने, केली. तियाना नोवी साद शहरात नोकरी करते, पोरगी मनाने वाईट नाही. गिऱ्हाईक आता दाराशी येत नाही, ते इथेच येतं, असं तिने आईला पटवलं. तेही खरं होतं, दोन-चार चित्रं खरंच लांब लांब गेली. पण माझे हाल सुरू झाले. मला खिडकीशी उभं करायचं, माझ्यावर एकेक चित्र ठेवायचं आणि मोबाइलने फोटो काढायचे. फोटोत आकाश पिवळं आलं, पुन्हा काढा. निळं आलं, पुन्हा काढा. मग मापं लिहा, नावं लिहा, विसरलेला पासवर्ड आठवत बसा. बाहेर सकाळचा ओला उजेड येऊन निघून जायचा आणि ही त्या पडद्यात डोकं घालून बसलेली. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आमच्याकडे गावोगावी चित्रकारांची वसाहत भरते. कुणीतरी यजमान चित्रकारांना पाच दिवस ठेवून घेतो, माशांचं तिखट सूप आणि राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पाजतो. शेवटच्या दिवशी सगळी चित्रं कुंपणाला टेकवून मांडतात आणि यजमान प्रत्येकाचं एक चित्र निवडून ठेवून घेतो. नाही कुणी म्हणत नाही आणि दिलेलं कुणी परत मागत नाही.

एका ऑक्टोबरात स्रेदोये खानावळवाल्याकडे अशी वसाहत भरली. दानित्साने मला फेरीबोटीच्या धक्क्यावर उभं केलं आणि पलीकडचं नावाड्याचं पांढरं घर रंगवलं. कोपऱ्यात सही, शेजारी तारीख. संध्याकाळी अंगणातच मोबाइलने फोटो काढून तिने तो वेबसाइटवर टाकला, कारण रोजच्या रोज टाकायचं अशी तियानाची ताकीद होती. दुसऱ्या दिवशी स्रेदोयेने नेमकं तेच चित्र उचललं. वेबसाइटवर त्या चित्रापुढे ‘गेलं’ अशी खूण करायची मात्र दानित्साच्या डोक्यातून साफ निघून गेली.

दीड वर्षाने ते चित्र वेबसाइटवरून विकलं गेलं. त्या वेबसाइट-बयेने कुणाला न विचारता आपणहून पत्रही धाडून दिलं : हे चित्र आता तुमचं झालं. घेणारी नेवेंका, व्हिएन्नात नर्स. तिचं उत्तर दानित्साने फोनवर तियानाला वाचून दाखवलं, म्हणून मला कळलं. ते घर तिच्या वडिलांचं होतं. चित्रावर जी तारीख आहे, तिच्या पाठोपाठच्या हिवाळ्यात ते वारले आणि मग नदीचा बांध रुंद करताना घरही पाडलं. नेवेंका त्या वर्षी घरी गेली नव्हती. तिच्याजवळ त्या शरदाचं काहीच नव्हतं.

दानित्सा तडक स्रेदोयेकडे गेली, मी सायकलला बांधलेलाच होतो. चित्र खानावळीत शेकोटीजवळ टांगलेलं होतं. तिने बदली दोन चित्रं देऊ केली, कारणही सांगितलं. स्रेदोये हात पुसत दारात आला.

“दिलेलं मागायला आलीस? विकायचंच होतं तर माझं सूप कशाला प्यायलीस, बाई?”

ती खाली मान घालून परतली. तियाना म्हणाली, फोटो आहे ना, त्यावरून दुसरं काढ, कुणाला कळतंय? खरं लिहून टाकावं असं दानित्साला वाटत होतं. दोनदा लिहायला बसली आणि दोनदा उठली. मग तिने पडद्यावर फोटो उघडला आणि माझ्यावर कोरा कॅनव्हास चढवला. मी सगळे पाय ताणून धरले, काही उपयोग झाला नाही. तीन दिवसांत चित्र झालं. शेवटी तिने कोपऱ्यात ती जुनी तारीख घातली आणि चित्र व्हिएन्नाला पाठवून दिलं.

नेवेंकाचं आभाराचं पत्र आलं. तियानाने ते वेबसाइटवर सगळ्यात वर लावलं. दानित्सा तिकडे बघायची नाही.

उन्हाळ्यात नेवेंका गावी आली. येताना चित्र बरोबर घेऊन आली होती, घराच्या जागी उभं राहून बघायचं म्हणून. मग जेवायला स्रेदोयेकडे गेली. तिथून ती सरळ आमच्या दाराशी आली. चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने चित्र माझ्यावर ठेवलं.

“खानावळीतल्या चित्रात धुरांड्यातून धूर निघतोय,” ती म्हणाली. “यात नाही.”

नव्हताच. पांढऱ्या आकाशावर तो पुसटसा धूर मोबाइलला दिसला नव्हता, आणि फोटोत नव्हता म्हणून तो चित्रातही आला नाही.

“त्या दिवशी बाबा घरात होते,” नेवेंका म्हणाली. “चूल पेटवून बसले होते.”

दानित्साने चटकन ब्रश घेतला. “काढून देते. पाच मिनिटांचं काम आहे.”

“तुम्ही तेव्हा समोर होतात, ताई, म्हणून तो धूर होता. आता कुठून आणाल?”

दानित्सा पैसे परत द्यायला उठली, तर नेवेंका नको म्हणाली. चित्र माझ्यावर तसंच ठेवून ती निघून गेली.

दानित्साने त्या रात्री चित्रावरची तारीख खरवडली. वेबसाइटवरचं ते पत्र काढलं आणि तिथे चित्राखाली लिहिलं : मूळ चित्र स्रेदोयेच्या खानावळीत आहे, हे मी घरात बसून फोटोवरून काढलं, विकायचं नाही. मला वाटलं, सुटलो. पण लोक बघा कसे असतात. तेव्हापासून चौघांनी विचारलंय, असंच एक आम्हाला काढून मिळेल का, फोटोवरून चालेल.

ती उत्तर देत नाही आणि रंगवतही नाही. मी खिडकीशी उभा आहे, ते चित्र छातीवर घेऊन. माझे स्क्रू गंजायला लागलेत. दानित्सा, मला राग आहे, पण तुझ्यावाचून मी नुसतं लाकूड आहे. हे चित्र उतरव आणि मला सायकलला बांध. पलीकडच्या काठावर अजून घरं आहेत. त्यांत म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्या लेकी कुठेतरी लांब नोकरी करतात. आज सकाळी त्यांच्या चुली पेटल्या असतील.