बिस्मिल्लाचा उजवा हात

मी एक हात आहे. उजवा. हसू नका, हातालाही सांगण्यासारखं असतं. सध्या माझा मुक्काम सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात. शेजारी डांबरगोळ्या, एक मोडका टेबलफॅन आणि गॅदरिंगचे कप. इथं अंधार आहे, पण मी एकटा नाही. ते पुढे सांगतो.

माझा जन्म याच प्रयोगशाळेतला. कॉलेज अल्पसंख्याक संस्थेचं, समाजातल्या वडीलधाऱ्यांनी पै-पै जमवून काढलेलं. इथं कुणी संशोधनाचं नाव काढलं की ऑफिसातले लोक गालातल्या गालात हसायचे. पण आमच्या फिरदोस मॅडम भलत्याच चिवट. यंत्रात हात गमावलेल्या कामगारांसाठी स्वस्तातला हात बनवायचा, असा अर्ज त्यांनी दिल्लीला धाडला. तो फेटाळला गेला, तर दुसरा धाडला. शेवटी अनुदान मंजूर झालं आणि त्यातून मी घडलो. रबर, तारा आणि तीन चिमुकल्या मोटरी. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं हलायची, उरलेली दोन नुसती शोभेची, पोकळ रबराची. रंग गोरापान, कारण बाजारात तेवढाच मिळाला. दिसायला मी देखणाच होतो, खोटं कशाला बोलू?

मला पहिल्यांदा घातलं ते बिस्मिल्लाआपांनी. टॉवेलच्या कारखान्यात त्या सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर होत्या. तुटलेला धागा धरायला हात पुढे केला आणि पट्ट्यानं ओढून नेला. मनगटाच्या वरपर्यंत गेला. शिवकुमारनं, म्हणजे लॅब असिस्टंटनं, मला त्यांच्या दंडाला पट्टे लावून बसवलं. त्यांचे स्नायू हलले की मला कळायचं आणि मी बोटं हलवायची, असा सगळा मामला.

मी ऐटीत आत शिरलो आणि माझी बोबडीच वळली. आत जागा रिकामी नव्हती. आधीच कुणीतरी बसलं होतं.

एक हात होता तो. दिसत नव्हता, पण गरम होता, आणि मशीनच्या तेलानं बरबटलेला. त्याची मूठ आवळलेली होती. मशीन अजून चालूच आहे असं त्याला वाटत होतं. आपण तुटलोय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आपा, मूठ उघडा," मॅडम म्हणाल्या.

"उगडतच न्हाय की मॅडम. त्या दिवशी मिटली ती मिटलीच. नखं रुतत्यात तळव्यात, रातभर ठणकतंय. डाक्टर म्हनतो, हातच न्हाय तर दुकंल कसा? येडी ठरवली मला."

"मी नाही तसं म्हणणार," मॅडम म्हणाल्या. "अशी माणसं खूप आहेत आपा. नसलेला हात खरंच दुखतो. त्याच्यावरच तर आपलं काम आहे."

आपांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. येडी नाहीस, एवढं ऐकायला बिचारीला किती वाट बघावी लागली.

पुढे आठवडेच्या आठवडे सराव चालला. आपा जोर लावायच्या, मी मोटरी फिरवायचो, आणि आतला तो मूठ घट्ट धरून बसायचा. मीही वैतागलो. अरे बाबा, सोड की आता, म्हणून त्याच्यावर खेकसलोसुद्धा. ढिम्म! शेवटी एका सकाळी आपांची लेक समरा सोबत आली. शाळेचा गणवेश, हातात रिबन. कंटाळून ती आईच्या पुढ्यात पाठ करून बसली.

"अम्मी, येणी घाल की. उशीर होतोय मला."

आणि मूठ उघडली. आधी अंगठा सैलावला, मग एकेक बोट. आपांनी पेड धरला आणि हुंदका दिला. समराला काही कळलं नाही. ती म्हणाली, "अम्मी, ओढू नको ना!"

त्या दिवसापासून दुखणं थांबलं. मॅडमनी मला आपांच्या घरी वापरायला दिलं. आम्ही भाकरी थापायचो, म्हणजे डावा थापायचा आणि आम्ही परात धरायचो. झोपताना आपा मला काढून फळीवर ठेवायच्या तेव्हा तो आतला गुपचूप त्यांच्याबरोबर जायचा आणि सकाळी परत यायचा. आमची चांगली गट्टी जमली होती.

एकदा तपासणीला आलो तेव्हा आपा चहा पीत होत्या. शिवकुमार एकदम मागं सरकला.

"मॅडम, हे बगा की. करंगळी हालतीय."

"मग?"

"करंगळीत वायरच न्हाय, मॅडम. मीच बनवलीय की. नुसतं रबर हाय ते."

मॅडमनी वाकून ती करंगळी दाबून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "रिपोर्टात घालू नकोस. दिल्लीवाल्यांना वाटेल आपण बनवाबनवी करतोय. आहे ते अनुदानही जाईल."

पण ते गेलंच. दुसरा हप्ता आला नाही. प्रकल्प बंद करा आणि अनुदानातून घेतलेलं सामान संस्थेत जमा करा, असं वरून कळवलं. मॅडम ऑफिसात भांडल्या. "अहो, तो हात आहे त्यांचा! सामान काय म्हणता?" तिथले साहेब वाईट नव्हते, पण ऑडिटला घाबरलेले. म्हणाले, "मॅडम, नियमापुढे मी काय करू? नवीन अनुदान आणा, पहिला हात त्यांनाच देऊ."

आपा स्वतः येऊन मला देऊन गेल्या. मी वाट पाहत होतो की तो आतला नेहमीसारखा त्यांच्याबरोबर जाईल. पण आपांना रडू आवरेना आणि त्यांनी मला घाईनं उपसून टेबलावर ठेवलं. तो निघेपर्यंत त्या दाराबाहेर गेल्या होत्या. तो माझ्यातच राहिला. माझ्या मनगटावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकला आणि आम्हा दोघांना कपाटात बंद केलं.

परवा भरदुपारी आपा आल्या. आवाज ओळखून तो माझ्यात तडफडला.

"मॅडम, हात गार पडलाय माजा. लोकंडाला टेकल्यावानी गार. लई अंदार हाय तितं. कुटं ठेवलाय तुमी त्याला?"

प्रयोगशाळेत कपाटं ओळीनं उभी आहेत, सगळी सारखी. आपांनी विचारलं आणि उत्तराची वाटही न बघता सरळ आमच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. रिकामी बाही त्यांनी कपाटाच्या दाराला लावली. मॅडमनी किल्ली मागवली, तर ऑफिसातून निरोप आला, ऑडिट होईपर्यंत मिळणार नाही.

"आपा, मी परत अर्ज करतेय," मॅडम म्हणाल्या. "या वेळी करंगळीचंही लिहिते. वेडी म्हणाले तर म्हणू देत."

"लवकर करा मॅडम. मूठ परत मिटायला लागलीय."

खरं आहे ते. माझ्यातली बॅटरी केव्हाच काढून घेतलीय, तरी माझी बोटं वळताहेत. दोन मिटली, तिसरं मिटतंय. मी त्याला समजावतो, समराचं नाव घेतो. आता त्याला माझं ऐकू येत नाही, मशीनचाच आवाज येतो.

दिल्लीत मॅडमचा अर्ज वाचणाऱ्यांनो, तुमचं काय ते ठरेल तेव्हा ठरेल. पण तोवर इथं येणाऱ्या कुणीही जरा थांबून ऐका. कपाटातून ठक ठक आवाज येईल. मुलं म्हणतात उंदीर आहे आणि दाराला लाथ मारून जातात. लाथ मारू नका हो, तिकडे घरी आपा कळवळतात. किल्ली मागा. मला नाही नेलंत तरी चालेल, मी काय, रबर आहे. त्याला तेवढं आपांकडे पोचवा. मला एक बोटही उचलता येत नाही. दार तोच वाजवतोय.