विटाळ न पाळणारं घर

आमच्या लिंगायत घरात विटाळ पाळत नाहीत. बसवण्णांनी सूतकं नाकारली, हे सासूबाई आल्यागेल्याला ऐकवतात, आणि पाळीत बाजूला बसणाऱ्या शेजारणींपुढे आम्हा जावांनाही त्याचा भारी तोरा होता. पण विटाळ गेला म्हणून लाज थोडीच जाते? धाकट्या जावेला, चंद्रिकाला, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त जात राहिलं आणि तिच्याबरोबर रोज भाकरी थापणाऱ्या मला त्याचा पत्ता नाही. बाजूला बसवणारं घर असतं तर निदान कुणी दिवस तरी मोजले असते.

दीर सोमशेखर ट्रकवर असायचा. गेला तो तिला एचआयव्ही देऊन गेला. तिनं मात्र गोळ्या कधी चुकवल्या नाहीत. रक्तात विषाणू आता सापडत नाही असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी आम्ही दोघींनी सात रस्ता चौकात उसाचा रस प्यायला. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्या, असं दवाखान्यातल्या बाई दर खेपेला सांगायच्या. चंद्रिका मान डोलवायची आणि घरी यायची. एवढं मोठं दुखणं गोळ्यांनी आवरलं, आता आणखी काय व्हायचंय, असं तिला वाटायचं.

कंबर धरून बसली तेव्हा मीच ओढत नेलं. कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एचपीव्ही नावाचा विषाणू पुष्कळ बायकांच्या अंगात येतो आणि बहुतेकींचं शरीर त्याला हाकलून लावतं. एचआयव्हीनं शरीराचं बळ खाल्लं असेल तर तो ठाण मांडून बसतो, आणि एचआयव्हीच्या गोळ्यांनी तो मरत नाही. वेळेवर तपासलं असतं तर कॅन्सर व्हायच्या आधीच उपाय होता. मला इतका संताप आला! मेलेल्या दिराचा, तिचा, आमच्या त्या तोऱ्याचा.

मग तिला एकच घोर लागला, लेकीचा. रुद्राणी तेरा वर्षांची, निरोगी; मला दोडव्वा, म्हणजे मोठी आई म्हणते. एचपीव्हीची लस या वयात घेतलेली बरी, हे कळल्यापासून चंद्रिका माझ्यामागे लागली. सासूबाई अडून बसल्या. बापाचं तसं, आईचं असं, त्यात पोरीला असलं इंजेक्शन दिलं तर तिला पदरात कोण घेईल?

चंद्रिकानं माझा हात धरला. "मला समद्यांनी सांगितलं हुतं, अक्का. मी लाजले. तिला लाजू देऊ नगा."

लस द्यायच्या आधीच ती गेली. घरातलं सगळं उरकल्यावर मी रुद्राणीला घेऊन निघाले. सासूबाईंना विचारलं नाही, सांगितलं.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती, इतक्या बायका. पोरीनं सगळ्यांदेखत, मोठ्यानं विचारलं, "दोडव्वा, आईला लहानपणी ही लस मिळाली असती तर?"

बायका वळून बघायला लागल्या. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावला. मी आवाज खाली आणला नाही.

"तर आज तुला घेऊन तीच आली असती, बाळा."